थांबायचं, पण तारीख लिहून

"असू द्या हो, सावकाश द्या." सातारा-सांगलीकडं उसन्या पैशांवरून तुटलेली बरीचशी नाती ह्या एका वाक्यावर तुटलेली असतात. देणाऱ्याच्या मनात 'सावकाश' म्हणजे दिवाळी. घेणाऱ्याच्या मनात 'सावकाश' म्हणजे ऊस गेल्यावर. आता ऊस आडसाली असेल तर लागणीपासून तुटेपर्यंत सोळा-अठरा महिने जातात. खोटं दोघंही बोललेले नसतात, तारीख तेवढी कुणीच उच्चारलेली नसते.

मराठीत ह्या गोष्टीला शब्द भरपूर आहेत. सबुरी, सवड, मुभा, मुदत, दम धरणं, सांभाळून घेणं. व्यवहारात मात्र दोनच गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. मागायचा हक्क असून गप्प बसणं ही एक. अमुक तारखेपर्यंत मागणार नाही असा शब्द देणं ही दुसरी. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, पण त्यांचे परिणाम उलटे होतात.

जामीनदार असेल तर हा फरक लगेच कळतो. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १३७ म्हणतं की सावकार नुसता गप्प बसला, दावा लावला नाही, म्हणून जामीनदार सुटत नाही. कलम १३५ म्हणतं की सावकारानं कर्जदाराशी करार करून मुदत वाढवून दिली किंवा दावा न करण्याचं वचन दिलं आणि जामीनदाराची संमती घेतली नाही, तर जामीनदार मोकळा होतो. म्हणजे चांगुलपणानं मुदत द्यायची तर जामीनदाराची सही त्याच कागदावर हवी. पतसंस्था आणि बँकांच्या छापील जामीनपत्रात ही संमती बहुधा आगाऊच घेतलेली असते. जामीन राहणाऱ्यानं सही करण्याआधी तेवढा परिच्छेद तरी वाचावा. हातउसन्या व्यवहारात असा छापील कागद नसतो, त्यामुळं फसगत देणाऱ्याची होते.

पैसे उशिरा येणार, कमी येणार, की येणारच नाहीत?

सवलत द्यायची की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारायचं. तिन्हींची औषधं वेगळी आहेत आणि बहुतेक लोक सगळ्यांना एकच देतात : मुदतवाढ.

उशिरा येणारा पैसा म्हणजे कोरेगाव भागातल्या आल्याचा. साताऱ्यात आल्याचा दर ५०० किलोच्या गाडीवर बोलतात. गाडीचा दर पडला की शेतकरी पीक जमिनीतच ठेवतो आणि दर सुधारायची वाट बघतो. त्याच्याकडं माल आहे, पैसा नाही. अशा माणसाला मुदतवाढ हे नेमकं औषध आहे. पण तारीख त्याच्या पिकाला धरून ठरवा. उसाला कारखान्याचं बिल जमा होण्याची, द्राक्षाला माल उतरल्यानंतरची, बेदाण्याला सौद्यानंतरची. ३१ मार्च ही बँकेची सोय आहे, पिकाची नव्हे.

कमी येणारा पैसा म्हणजे ऑगस्ट २०१९ मधला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं आणि नदीकाठचा ऊस कुजला. इथं नुसती तारीख पुढं ढकलून काही होत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच उत्पन्नातून दोन वर्षांचे हप्ते निघत नाहीत. हप्ता लहान करायचा, वर्षं वाढवायची आणि व्याज थांबवायचं किंवा कमी करायचं.

येणारच नाही असा पैसा असेल, कमावता माणूस गेला किंवा धंदा बसला, तर मुदत देणं हा चांगुलपणा नव्हे. नुसता आकडा फुगत राहतो. किती निघू शकेल ते विचारून मुद्दलात सूट द्या आणि विषय मिटवा. करार कायद्याचं कलम ६३ तशी मुभा देतं. पूर्ण किंवा काही रक्कम सोडून देता येते, त्याला वेगळा मोबदला लागत नाही. पण दीड लाखापोटी एक लाख घेऊन 'मिटलं' असं मान्य केलं, की वर्षभरानं "ते पन्नास राहिलेत बरं का" म्हणता येत नाही. म्हणता येत नाही म्हणजे कायद्यानंही नाही आणि माणूस म्हणूनही नाही.

एक खबरदारी. सूट आपल्याच वाट्यातून द्यायची. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे सगळ्यांना ठाऊक असतं. परंपरा असंही सांगते की त्यांनी आधी खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा त्यांना दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा. घरातला पैसा सामायिक असेल, बायकोच्या किंवा भावाच्या खात्यातून गेला असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय सूट जाहीर करू नका.

मुदतवाढीचा कागद

कागद करायला माणसं लाजतात. "आमच्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न येणार हे गृहीत धरा आणि उत्तर तयार ठेवा : "तुमच्यासाठी न्हाई ओ आबा, आपल्या दोघांच्या माघारी पोरांना कळावं म्हणून." ही नुसती पळवाटही नाही. कर्जदार वारला तर वारस त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरते जबाबदार असतात, आणि वारसाला तोंडी बोली ठाऊक नसते.

मजकूर साधा ठेवा. उदाहरणार्थ :

"मी ......, रा. ......, ता. तासगाव, लिहून देतो की दि. १० जून २०२३ रोजी ...... यांच्याकडून बँक खात्यामार्फत २,००,००० रुपये हातउसने घेतले. त्यापैकी आजअखेर ५०,००० रुपये मुद्दलापोटी परत केले आहेत. आज रोजी १,५०,००० रुपये मुद्दल देणे बाकी असून ते मला मान्य आहे. बेदाण्याचे पैसे उशिरा येणार असल्याने माझ्या विनंतीवरून दि. १५ मार्च २०२६ पर्यंत मुदत मिळाली आहे. या काळात व्याज आकारायचे नाही. त्यानंतर आलेली रक्कम आधी मुद्दलात धरायची. दि. २ मे २०२५."

खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. जामीनदार असल्यास स्वतंत्र ओळ : "वरील मुदतवाढ मला मान्य असून माझी हमी कायम आहे." स्टॅम्पवर करायचं तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून किमान मुद्रांक १०० ऐवजी ५०० रुपयांचा झाला आहे.

ह्यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. 'देणे बाकी असून ते मला मान्य आहे' हे गाळलं तर कर्जाची कबुली कच्ची पडते. 'माझ्या विनंतीवरून' असेल तर नंतर "आम्ही द्यायला तयार होतो, त्यांनीच घेतले नाहीत" असं म्हणता येत नाही. आणि 'आधी मुद्दलात' ही ओळ तर नुसत्या मुदतीपेक्षा मोठी सवलत आहे. लाखाला वार्षिक १२ टक्के साधं व्याज धरा. वर्षानं १२,००० व्याज झालं आणि कर्जदारानं ३०,००० आणून दिले. रीतीप्रमाणं आधी व्याजात धरले तर मुद्दल उरतं ८२,०००. आधी मुद्दलात धरले तर मुद्दल ७०,००० आणि बाजूला १२,००० व्याज, ज्यावर पुन्हा व्याज नाही. पुढच्या वर्षीचं व्याज पहिल्या हिशोबात ९,८४०, दुसऱ्यात ८,४००.

व्याजाचा दर लिहिताना 'दोन टक्के' एवढंच लिहू नका. आपल्याकडं बोलीत दोन टक्के म्हणजे महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला २४. कागदावर 'द.सा.द.शे.' असेल तर दर वार्षिक ठरतो. दोन्हींत बारापट अंतर आहे.

रोखीचं भान ठेवा. आयकर कायद्यानुसार २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीनं घेता येत नाही आणि रोखीनं फेडताही येत नाही. दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र काही नसेल, तर कर्ज घेण्याच्या बाबतीत सूट आहे. तरीही खात्यातून गेलेला पैसा हाच सर्वात भक्कम साक्षीदार.

तीन वर्षांचं घड्याळ

गप्प बसण्याची किंमत इथं कळते. मागताच देय असलेल्या हातउसन्याला मुदत कायदा १९६३ नुसार पैसे दिल्या दिवसापासून ३ वर्षं मिळतात. मागितल्या दिवसापासून नव्हे. ठरावीक तारखेची वचनचिठ्ठी असेल तर ती तारीख उलटल्यापासून. वरच्या उदाहरणात १० जून २०२३ ला दिलेल्या पैशांचा दावा १० जून २०२६ पर्यंतच लावता आला असता. पण २ मे २०२५ ला सहीची कबुली मिळाली, म्हणून त्या दिवसापासून नवी ३ वर्षं सुरू झाली, २ मे २०२८ पर्यंत. हे कलम १८.

लोक चुकतात ते पुढच्या तपशिलात. कबुली जुनी मुदत संपायच्या आत हवी. मुदत टळल्यावर घेतलेल्या साध्या कबुलीनं घड्याळ पुन्हा चालू होत नाही. तेव्हा करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणं 'मी हे मुदतबाह्य देणं फेडीन' असं नवं लेखी वचन लागतं, आणि तसं वचन द्यायचं की नाही हे सर्वस्वी कर्जदाराच्या मर्जीवर. मधेच ५,००० रोख दिले आणि तुम्ही तुमच्या वहीत लिहिले, तर त्यानंही मुदत वाढत नाही. मुदत कायद्याच्या कलम १९ ला पैसे फेडणाऱ्याचं अक्षर किंवा सही हवी. दोघा भावांनी मिळून पैसे घेतले असतील आणि एकाचीच कबुली घेतलीत, तर दुसरा तेवढ्यावरून बांधला जात नाही. दोघांच्या सह्या घ्या. व्हॉट्सॲपवरचा 'देतो की मार्चला' हा मेसेज जपून ठेवा, पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो. पण भिस्त सहीच्या कागदावरच ठेवा.

चेक हातात असेल तर घड्याळ आणखी वेगानं पळतं. चेक ३ महिने चालतो. न वटता परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि तेही गेले की महिन्याच्या आत फिर्याद. चेक परत आल्यावर "महिनाभर थांबा की" म्हणणाऱ्यासाठी तुम्ही भाबडेपणानं महिनाभर थांबलात, तर ते ३० दिवस संपतात. थांबायचंच असेल तर नव्या तारखेचा नवा चेक घ्या, किंवा जुन्याची ३ महिन्यांची मुदत शिल्लक असेपर्यंत तो पुन्हा भरा.

नवं-जुनं

ह्या शब्दाचा अर्थ विकास सोसायटीच्या गावात वाढलेल्याला सांगावा लागत नाही. जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि तेवढंच, किंवा व्याज मिळवून थोडं जास्त, नवं उचलायचं. पाहणाऱ्याला ही सवलत वाटते, आणि कधीकधी असतेही. पण खासगी व्यवहारात व्याज मुद्दलात घालून नवा कागद केला की गणित असं होतं.

लाख रुपये, शेकडा दोन. साधं व्याज धरलं तर तीन वर्षांनी देणं १,७२,०००. दर वर्षी नवं-जुनं केलं तर पहिल्या वर्षाअखेर १,२४,०००, दुसऱ्या १,५३,७६०, तिसऱ्या १,९०,६६२. जास्तीचे साडेअठरा हजार हा तोट्याचा लहान भाग. मोठा तोटा दामदुपटीचा. आपल्याकडचा जुना नियम आहे की एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही. पहिल्या हिशोबात व्याज लाखावर थांबतं, चार वर्षं दोन महिन्यांनी. दुसऱ्या हिशोबात तिसऱ्या वर्षाअखेर कागदावरचं 'मुद्दल'च १,९०,६६२ झालेलं असतं आणि दामदुपटीची मोजणी तिथून सुरू करायला सावकार मोकळा, निदान वाद घालायला तरी.

हा खेळ जुना आहे. १८५९ च्या मुदत कायद्यानं साध्या कर्जखतांना ३ वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेला वाचवायचा होता. झालं असं की सावकार तीन वर्षं भरत आली की व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घेऊ लागले. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे झाले, तेव्हा लोकांनी मुख्यतः कर्जखतंच जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि तो ज्या चार जिल्ह्यांसाठी केला त्यात सातारा होता. कोर्टानं नुसतं खत न बघता मूळ रक्कम किती होती ते शोधावं, हा त्याचा गाभा.

तेव्हा मुदतवाढीच्या कागदावर मूळ मुद्दल, मूळ तारीख आणि व्याज वेगवेगळ्या ओळींत लिहा. एकच एकत्र आकडा लिहायला सांगत असतील तर सही करू नका.

उसनं देणारे कधी न कळत सावकारीच्या हद्दीत शिरतात, तेही इथंच सांगायला हवं. भावकीत एखाद्या वेळी हातउसनं देणं वेगळं. चार-पाच जणांना व्याजानं पैसे, तारणाला सोनं किंवा 'मुदत खरेदी'चा दस्त (पैसे फेडले की जमीन परत, अशा बोलीची खरेदी), हा परवान्याशिवाय केलेला सावकारी धंदा ठरतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली त्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना असलेल्यालाही दराची मर्यादा आहे. शासनानं २०१४ मध्ये ठरवलेले वार्षिक दर असे : शेतीसाठी तारणी ९, विनातारण १२, शेतीबाहेर तारणी १५, विनातारण १८ टक्के. त्या मापानं शेकडा दोन कुठंच बसत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करायची.

बँकेकडं सवलत मागताना

बँकेची सवलत हा उपकार नसतो, आणि फुकटही नसते. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते थांबवायची मुभा मिळाली तेव्हा लाखो लोकांनी ती 'माफी' समजून घेतली. व्याज चालूच होतं. आकड्यात बघा : घरकर्जाची १० लाख बाकी, ९ टक्के, १५ वर्षं राहिलेली, हप्ता सुमारे १०,१४३. तीन हप्ते थांबवले तर बाकी होते १०,२२,६६९. हप्ता तोच ठेवला तर १८० ऐवजी साधारण १८९ हप्ते भरावे लागतात. तीन चुकवले, नऊ वाढले. कर्ज नवं असेल तर फटका मोठा, संपत आलेलं असेल तर किरकोळ. म्हणून कर्जाच्या शेवटच्या दोन वर्षांत खुशाल घ्या, सुरुवातीच्या वर्षांत दागिना मोडून का होईना हप्ता भरणं कधीकधी स्वस्त पडतं.

अर्ज हप्ता चुकायच्या आधी करा. बँकेच्या दप्तरी पहिल्या ३० दिवसांपर्यंतची थकबाकी, मग ६०, मग ९० अशा पायऱ्या असतात. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नाही. पीककर्जाला हा हिशोब हंगामावर चालतो : कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षाहून लांब पिकाला एक.

अर्जात रडगाणं नको. कारण, पुरावा, किती महिने, आणि आत्ता काय भरू शकता एवढंच लिहा. पूर किंवा दुष्काळ असेल तर पंचनाम्याची प्रत, सात-बारावरची पीकनोंद, गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत लागली असेल तर तो उल्लेख. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत नैसर्गिक आपत्तीत ३३ ते ५० टक्के नुकसानीला कमाल २ वर्षं आणि त्यावरच्या नुकसानीला कमाल ५ वर्षं अशी पुनर्गठनाची चौकट होती. शाखेत गेल्यावर चालू परिपत्रक मागा. निर्णय लेखी घ्या आणि सोबत नवं परतफेडीचं वेळापत्रक. 'साहेब म्हणाले होते' ह्या वाक्याला साहेबांची बदली झाली की किंमत उरत नाही.

दोन शब्द नीट समजून घ्या. बँकेनं कर्ज 'निर्लेखित' केलं म्हणजे माफ केलं नव्हे. ताळेबंदातून काढलं, वसुली चालूच. आणि एकरकमी तडजोडीत सिबिलवर 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नव्हे. पुढची कर्जं त्यावर अडतात. उशीर झाला म्हणून बँकेनं दंड लावला तर तो व्याजदरात चढवता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम २०२४ पासून लागू आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. तिथं सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की जामीनदाराच्या दारातही वसुली अधिकारी येतो. म्हणून सवलत मागायला जाताना जामीनदाराला बरोबर न्या. त्याला बाहेरून कळण्यापेक्षा ते बरं.

तगादा

आठवण करून देणं आणि तगादा लावणं ह्यांत फरक वेळेचा आणि जागेचा आहे. तारखेआधी आठ दिवस एक फोन, तारखेदिवशी एक, नंतर आठ दिवसांनी समक्ष. बस. रिझर्व्ह बँकेनं वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई केली आहे. घरगुती व्यवहारालाही हीच वेळ शोभते. पारावर, लग्नात, दवाखान्यात, पोरांच्या देखत मागायचं नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच.

बोलणं असं : "आबा, ठरल्यापरमाणं मार्चला यायला पायजे होतं. काय अडचण हाय का? कधीची तारीख धरू?" एवढं बोलून गप्प बसा. पुढची शांतता भरून काढायची घाई करू नका. "असू द्या, सावकाश द्या" निसटतं ते त्याच क्षणी, अवघडलेपणातून.

थांबायचं ठरवलं की काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात. त्यानं नवा फोन घेतला, पोरीचं बारसं मोठं केलं, ह्याचा हिशोब ठेवायचा नाही. तुम्ही तारीख दिली आहे, तोवरचं त्याचं घर त्याचं आहे. भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं तर पैशांचा विषय तिथं काढायचा नाही. आणि कर्जदाराकडून आलेली कणसं, द्राक्षाची पेटी, रोजचं लिटरभर दूध हे व्याज म्हणून रिचवायचं नाही. घ्यायचं तर दर लावून वजा करा. अशा फुकट वस्तूंची सवय पैसे देणाऱ्याला लागते, आणि मग मुद्दल परत आलेलं त्यालाच नको असतं.

घेणाऱ्याच्या बाजूनं एकच सांगणं : अडचण तारखेआधी, समक्ष जाऊन सांगा, आणि हातात काहीतरी घेऊन जा. दोन हजार असले तरी. रस्ता बदलून जाणाऱ्याला तिसऱ्यांदा मुदत मिळत नाही.

बांध, वाट, पाणी

शेजाऱ्यानं नांगरताना बांध कोरला, त्याची गाडी तुमच्या रानातून जाते, पाळी नसताना पाणी फिरवतो. अशा वेळी दरवेळी भांडायचं नाही हे शहाणपण खरं. पण इथंही गप्प बसणं आणि मुभा देणं वेगळं. कुणी २० वर्षं अखंड, हक्कानं वाट वापरली तर ती वहिवाट ठरू शकते. १२ वर्षं तुमच्याविरुद्ध उघड ताबा राहिला तर जमीनच जाऊ शकते. परवानगीनं केलेला वापर मात्र हक्क बनत नाही. म्हणून पहिल्याच हंगामात म्हणा, "न्ह्या गाडी, ह्या साली माझी हरकत न्हाई," आणि चार ओळींचं परवानगीपत्र करून त्याची सही घ्या. तुमचं मन मोठं राहतं आणि सात-बाराही. उलट तुमचीच वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली तहसीलदाराकडं जायला ६ महिनेच मिळतात. तिथं सबुरी महागात जाते.

कधी थांबणं थांबवायचं

सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारात एक रीत आहे. वर्षभर उधारीवर सौदे होतात आणि दिवाळीच्या सुमारास 'झिरो पेमेंट'साठी ते बंद ठेवतात. मागची देणीघेणी शून्यावर आली की पुन्हा सुरू. ह्यात कुणाचा अपमान होत नाही, कारण दिवस सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतो. घरच्या व्यवहारालाही असा एक दिवस ठरवून ठेवावा, पाडवा म्हणा किंवा दिवाळी.

त्याखेरीज : दुसरी तारीख निरोपाविना उलटली, कर्जदार जमीन किंवा गाडी विकायला काढतोय, 'एवढे नव्हतेच' असं म्हणायला लागला, किंवा तीन वर्षांतले शेवटचे सहा महिने उरले. ह्यांतलं एकही घडलं तर लेखी नोटीस द्या. नोटीस म्हणजे भांडण नव्हे. सही मिळत असेल तर त्याच आठवड्यात कबुली घ्या, नसेल तर वकील गाठा. रक्कम दोघांना मान्य असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत जाता येतं. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. हप्तेही तिथंच बांधून मिळतात.

पैसे पूर्ण आले की मूळ कागदावर आडवी रेघ मारून 'भरून पावलो', तारीख आणि सही. त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, कागद कर्जदाराच्या हातात द्या, जामिनाचा चेक असेल तर तोही. जामीनदाराला त्याच दिवशी फोन करा.